महोगनीचा खण आणि 'वातावरणनिर्मिती'

एम.ए.च्या उत्तरपत्रिका तपासताना एक शब्द आम्हांला इतक्या वेळा भेटतो की तो दिसला की हातातले लाल पेन आपोआप थबकते. तो शब्द म्हणजे 'वातावरणनिर्मिती'. कादंबरीत कंदील असो, झोपाळा असो, पलंग असो वा कपाट असो. विद्यार्थी लिहितो की लेखकाने वस्तूंच्या वर्णनातून उत्कृष्ट वातावरणनिर्मिती साधली आहे, आणि पुढच्या मुद्द्याकडे वळतो. दोष विद्यार्थ्यांचा नाही. हा शब्द त्यांच्या वहीत आम्हीच उतरवून दिला आहे. आम्ही दोघेही पंधरा-वीस वर्षे मराठी शिकवत आहोत आणि या काळात त्या शब्दाला किती गुण देऊन बसलो याचा हिशेब करायची आता हिंमत होत नाही.

या लेखाचे निमित्त मात्र उत्तरपत्रिकेचे नाही. मध्यंतरी एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत गृहसजावटीवरचा एक लेख आला होता. विषय होता महोगनीची जुनी इंग्रजी 'चेस्ट ऑफ ड्रॉवर्स', म्हणजे खणाखणांची बुटकी कपाटे. लेखात जे असावे ते सगळे होते. लाकडाची ऊब होती, भारदस्तपणा होता, वारसा होता, 'कालातीत' हे विशेषण तर तीनदा होते; आणि शेवटी, असे एक कपाट दिवाणखान्यात ठेवले की घराचे सगळे वातावरणच बदलून जाते, असा निर्वाळा होता. लेख आमच्या स्टाफरूममध्ये हातोहात फिरला. साहित्य शिकवणाऱ्या सात-आठ माणसांनी तो वाचला, काहींनी कात्रण काढून ठेवले, आणि हे झाड इंग्लंडात उगवतच नाही तर तिथल्या घराघरांत ते पोहोचले कसे, हा प्रश्न एकालाही पडला नाही. आम्हांलाही त्या दिवशी पडला नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. तो पडला दुसऱ्या दिवशी, तौलनिक साहित्याच्या तासाला 'जेन एअर' उघडल्यावर.

आमचे म्हणणे एवढेच आहे की गृहसजावटीच्या लेखातले 'वातावरण' आणि मराठी समीक्षेतली 'वातावरणनिर्मिती' ही एकाच आळसाची दोन नावे आहेत. दोन्हीकडे वस्तू दिसते, तिच्या दिसण्याने मन सुखावते किंवा धास्तावते, आणि ती कुठून आली, कोणी आणली, कशाच्या बदल्यात आणली, हे विचारायचे राहून जाते. महोगनीच्या कपाटाच्या बाबतीत तर हे न विचारणे हा त्याच्या मोहकतेचाच एक घटक आहे.

आधी त्या मोहकतेविषयी, कारण ती खोटी नाही. पुण्यातल्या एका परिचितांकडे असे एक कपाट आहे. ते पाहायला म्हणून आम्ही गेलो आणि अर्धा तास जमिनीवर बसून खण ओढत राहिलो. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या साध्या इंग्रजी कपाटाची जी ठेवण असते तीच त्याची होती: वर दोन आखूड खण, खाली तीन लांब. सर्वांत खालचा खण सर्वांत खोल, आणि वर जाताना प्रत्येकाची उंची थोडी थोडी कमी होत गेलेली, त्यामुळे एवढा जड ऐवज असूनही तो जमिनीवर हलकेच टेकल्यासारखा वाटतो. पितळी कड्या हाताने गुळगुळीत झालेल्या. खणाची पुढची फळी आणि बाजूची फळी जिथे एकमेकींत अडकतात तिथे कबुतराच्या शेपटीच्या आकाराचे दाते, ज्याला आपले सुतारही डव्हटेलच म्हणतात. ते हाताने कापलेले, म्हणून एकासारखा दुसरा नाही. खण सुताने सरकतो आणि बंद होताना आतली हवा हलकासा उसासा टाकते. अशा वेळी मनात काही हलत नाही असे म्हणणारा माणूस खोटे बोलत असावा.

पण खण पूर्ण बाहेर काढून आत डोकावले तेव्हा आणखीही काही दिसले. खणांचे अस्तर ओकचे होते. सांगाडा पाइनसारख्या हलक्या, स्वस्त लाकडाचा. मागची बाजू तर धड रंधलेलीही नव्हती, कारण ती भिंतीकडे असायची. महोगनी होती ती दर्शनी भागावर, पातळ पापुद्र्याच्या रूपात चिकटवलेली. यात फसवणूक काही नाही. महाग लाकूड दिसेल तिथे आणि स्वस्त लाकूड दिसणार नाही तिथे वापरायचे, ही त्या काळच्या कारागिरीची रीतच होती. ऑस्टिन आणि ब्राँटीकडे वळण्यापूर्वी एवढे ध्यानात असू द्यावे की हे कपाट आपली दर्शनी बाजू आणि भिंतीकडची बाजू यांची वाटणी मुळातच करून आलेले आहे.

झळाळीचेही तसेच. टॉमस शेरटनने १८०३ साली प्रसिद्ध केलेल्या फर्निचरकोशात महोगनीला चमक आणण्यासाठी जवसाचे तेल आणि विटेची भुकटी घासण्याची कृती दिली आहे. आज जिला आपण जुन्या लाकडाची खोल, आरशासारखी झळाळी म्हणतो ती बहुधा याच्यानंतरची, १८२०च्या आसपास इंग्लंडात रुजलेल्या फ्रेंच पॉलिशची असते. व्हिक्टोरियन काळात अठराव्या शतकातली असंख्य कपाटे खरवडून नव्याने पॉलिश केली गेली. आणि हे पॉलिश म्हणजे काय, तर स्पिरिटमध्ये विरघळवलेली चपडा लाख. म्हणजे पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर जगणाऱ्या किड्याने निर्माण केलेला आणि छोटा नागपूर-बंगालकडच्या जंगलांतून गोळा होऊन कलकत्त्याच्या बंदरातून गेलेला पदार्थ. 'अस्सल इंग्रजी' वस्तूच्या झाडाचा पत्ता एका खंडातला, चमकेचा दुसऱ्या खंडातला. इंग्रजी होते ते सुताराचे हात आणि मालकाचे नाव.

(एक अवांतर. आपल्याकडे मुंबईच्या चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर 'महोगनी' म्हणून जे दाखवले जाते त्यातले बरेचसे सागवान किंवा शिसवी असते. त्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकातल्या मुंबईत साहेबांच्या आणि शेठजींच्या बंगल्यांसाठी जे नक्षीदार फर्निचर घडले ते मुख्यतः शिसवीचे. खरी महोगनी आली ती अधूनमधून, लष्करी अधिकाऱ्यांच्या सामानातून; दोन तुकड्यांत वेगळे होणारे, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या ठोकलेले छावणीचे कपाट हे तिचे एक रूप. तेव्हा पुरवणीतल्या लेखावर विश्वास ठेवून बाजारात निघालेल्यांनी निदान खणाच्या तळाशी एकदा पाहून घ्यावे.)

आता झाडाकडे येऊ. १७२१ साली ब्रिटिश संसदेने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरचे आयातशुल्क उठवले. उद्देश नौदलाला लागणाऱ्या मालाचा होता. फळ मात्र फर्निचरवाल्यांच्या पदरात पडले. जमैकाची महोगनी लंडनमध्ये येऊ लागली आणि सुतारांच्या लक्षात आले की या लाकडाची फळी हवी तेवढी रुंद मिळते, ती आकसत नाही, वाकत नाही, अक्रोडासारखी किडीला बळी पडत नाही आणि कोरीवकामाची बारीक धार धरून ठेवते. १७५४ मध्ये टॉमस चिपेंडेलने आपले प्रसिद्ध नमुनापुस्तक छापले तोवर श्रीमंत घर आणि महोगनी हे समीकरण पक्के झालेले होते. जमैकात ही झाडे तोडली गेली ती काही प्रमाणात लाकडासाठी आणि काही प्रमाणात उसाच्या मळ्यांना जागा करण्यासाठी. दोन्ही कामे एकाच हातांनी झाली. ते हात आफ्रिकेतून पकडून आणलेल्या गुलामांचे होते.

जमैकाच्या किनाऱ्यालगतची जंगले ओसाड झाल्यावर तोड होंडुरासच्या आखाताकडे, आजच्या बेलीझकडे सरकली. तिथे आधी इंग्रज रंगासाठी लागणारे लॉगवुड तोडत. १७८६ च्या लंडन करारात स्पेनने त्यांना महोगनी तोडण्याचीही मुभा दिली. जॉर्ज हेंडरसन नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने १८०९ मध्ये या वसाहतीचे वर्णन लिहून ठेवले आहे आणि ते प्रत्येक साहित्याच्या विद्यार्थ्याने एकदा तरी वाचावे असे आम्हांला वाटते. महोगनीची झाडे कळपाने वाढत नाहीत. घनदाट जंगलात एक इथे, एक तिथे. म्हणून गुलामांच्या टोळीत एक 'शिकारी' असे. ऑगस्टच्या सुमारास, महोगनीच्या पानांचा रंग पालटू लागला की तो सर्वांत उंच झाडावर चढून दूरवर नजर टाकी आणि रंगावरून झाडे हेरी. मग टोळी वाट काढत तिथे पोहोचे. बुंध्याशी झाड फार रुंद, म्हणून त्याभोवती दहा-बारा फूट उंचीचा मचाण बांधायचा आणि त्यावर उभे राहून कुऱ्हाड चालवायची. कोरड्या ऋतूत, एप्रिल-मेच्या सुमारास, ओंडके बैलांकरवी नदीपर्यंत ओढायचे. तेही रात्री, मशालींच्या उजेडात, कारण दिवसाच्या उन्हात बैल टिकत नसत. बैल टिकत नसत म्हणून रात्री. माणसांचा विचार या वेळापत्रकात कुठे आहे ते ज्याने त्याने शोधावे. पावसाळ्यात नद्या फुगल्या की ओंडके पाण्यावरून बंदराकडे. १७७३ मध्ये बेलीझ नदीकाठच्या गुलामांनी उठाव केला होता, १८२० मध्ये पुन्हा केला. ही साले आम्ही फर्निचरच्या इतिहासातली साले म्हणूनच नोंदवत आहोत.

आणि १८३८ मध्ये गुलामगिरी पूर्णपणे संपल्यावर काय झाले? तोडकाम करणाऱ्यांना नाताळाच्या सुमारास हंगामाची आगाऊ रक्कम दिली जाऊ लागली. ती सणात संपे, मग मालकाच्याच दुकानातून चढ्या भावाने सामान घ्यावे लागे, आणि हंगाम संपताना माणूस कर्जात राहून पुढच्या हंगामाला बांधला जाई. या व्यवस्थेचे इंग्रजी नाव विद्यार्थ्यांना सांगायची गरज आम्हांला वर्गात पडली नाही. मागच्या बाकावरचा बीडकडचा एक मुलगा चटकन म्हणाला, "सर, ही तर उचल." मुकादमाची उचल घेऊन कोयता हातात धरलेल्या माणसांच्या घरातून तो आला होता. कॅरिबियनमधली महोगनी आणि मराठवाड्यातला ऊस यांना जोडणारे वाक्य त्या तासाला आमच्यापैकी कोणाच्या तोंडून आले नाही, त्याच्या तोंडून आले. वातावरणनिर्मिती हा शब्द त्याच्या उत्तरपत्रिकेतही असणार, कारण तो आम्ही शिकवला आहे.

आता कादंबऱ्या. जेन ऑस्टिनची 'नॉर्दँगर ॲबी' तिच्या मृत्यूनंतर १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झाली, लिहिली त्याआधी बरीच वर्षे. तिची नायिका कॅथरीन मोरलंड भयकथा वाचून वाचून भारलेली. जनरल टिल्नीच्या घरी पाहुणी म्हणून गेल्यावर या माणसाने आपल्या बायकोचा जीव घेतला असावा किंवा तिला कुठे कोंडले असावे असा तिला संशय येतो आणि ती मृत बाईच्या खोलीत चोरून शिरते. अंधार, कोळिष्टके, रक्ताचे डाग असे काही तरी सापडेल अशी तिची अपेक्षा. सापडते काय, तर उन्हाने उजळलेली नीटनेटकी खोली, चकचकीत शेगडी, रंगवलेल्या खुर्च्या आणि महोगनीची कपाटे. कॅथरीन शरमेने लाल होते. थोड्याच वेळात जनरलचा मुलगा हेन्री तिला गाठतो आणि आपण कोणत्या देशात, कोणत्या काळात राहतो याचा विचार कर, असले अत्याचार आपल्या कायद्याच्या देशात शक्य तरी आहेत का, अशा अर्थाचे खडसावतो.

हा प्रसंग आम्ही अनेक वर्षे 'गॉथिक कादंबरीचे विडंबन' म्हणून शिकवला. ते बरोबरच आहे. पण या विडंबनात महोगनीला काय काम दिले आहे पाहा. ती साक्षीदार आहे. तिची साक्ष अशी की इथे कोणताही गुन्हा घडलेला नाही. जिथे महोगनी आहे तिथे ऊन आहे, स्वच्छता आहे, सभ्यपणा आहे. आजच्या रविवार पुरवणीतले कपाट नेमकी हीच साक्ष देत उभे असते. त्याची 'ऊब' म्हणजे दुसरे काय? दोनशे वर्षे जे घरात आहे, ज्यावर पिढ्यांचा हात फिरला आहे, त्याच्या आसपास वाईट काही घडले नसणार, हा दिलासा. ऑस्टिन ही विलक्षण सूक्ष्म लेखिका आहे; 'मॅन्सफील्ड पार्क' मध्ये तिने अँटिग्वाच्या मळ्याचा आणि गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख करून ठेवला आहे आणि एडवर्ड सैद यांनी १९९३ मध्ये त्यावर बोट ठेवल्यापासून तो कोणाला टाळता येत नाही. त्यामुळे हेन्रीच्या त्या भाषणावर तिचा स्वतःचा किती विश्वास होता याबद्दल वाद होऊ शकतो. कपाटावर मात्र हेन्रीचा पूर्ण विश्वास आहे, आणि आमच्या स्टाफरूमचाही.

तीसेक वर्षांनी, १८४७ मध्ये, शार्लट ब्राँटीने हीच साक्षीदार फिरवली. दहा वर्षांच्या जेनला शिक्षा म्हणून लाल खोलीत कोंडतात. तिथला भला मोठा पलंग महोगनीच्या जाडजूड खांबांवर उभा आहे, कपाट, आरशाचे मेज आणि खुर्च्या जुन्या, काळसर पॉलिश केलेल्या महोगनीच्या आहेत. याच खोलीत मिस्टर रीड वारले. मिसेस रीड क्वचितच तिथे येतात, त्याही कपाटातल्या एका गुप्त खणातली कागदपत्रे, दागिन्यांची पेटी आणि नवऱ्याचे छोटे चित्र नजरेखालून घालण्यासाठी. म्हणजे खण आहे, खणात मालमत्तेचा पुरावा आहे, आणि त्यासमोर जिला त्या मालमत्तेत वाटा नाही अशी अनाथ मुलगी भीतीने बेशुद्ध पडते आहे. इथे 'वातावरणनिर्मिती' असे लिहून पूर्ण गुण मिळवता येतात! आम्ही दिले आहेत.

पुढे काय होते हे सर्वांना माहीत आहे, तरी या एका धाग्याने पुन्हा पाहू. रॉचेस्टरची पहिली बायको बर्था मेसन जमैकातल्या स्पॅनिश टाउनची, हुंडा तीस हजार पौंडांचा. जेनला वारसा ठेवून जाणारा काका मदिरा बेटावरचा व्यापारी, आणि तो मेसनच्याच पेढीचा तिथला हस्तक. वीस हजार पौंड मिळाल्यावर जेन ते चार वाटे करून आतेभावंडांत वाटते. तिच्या औदार्याबद्दल आपण वर्गात भरभरून बोलतो. त्यानंतर ती मूर हाउसची डागडुजी करते आणि पाहुण्यांचा दिवाणखाना व झोपण्याची एक खोली नव्याने सजवते. कशाने? जुनी महोगनी आणि किरमिजी रंगाची गादीकापडे यांनी. लाल खोलीत जिने तिला चिरडले तीच रंगसंगती, तेच लाकूड ती आता आपल्या पैशाने विकत घेते आणि घर 'उबदार' करते.

ही जुळणी आमच्या नजरेची नाही. इलेन फ्रीडगुड यांच्या २००६ सालच्या 'द आयडियाज इन थिंग्ज' या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण 'जेन एअर'मधल्या महोगनीवर आहे आणि जंगलतोड, गुलामगिरी व हे फर्निचर यांचा सांधा त्यांनी जोडून दाखवला आहे. आपल्याकडे हे पुस्तक फारसे कोणी उघडलेले दिसत नाही. आमचा त्यांच्याशी थोडा मतभेद आहे. त्यांच्या वाचनात महोगनी ही जणू दडपलेली आठवण असते आणि समीक्षकाने ती उकरून काढायची. आम्हांला वाटते १८४७ च्या वाचकापासून हे फारसे दडलेले नव्हते. गुलामगिरीविरुद्धच्या अर्जांवर सह्या करणाऱ्या, साखर सोडणाऱ्या इंग्रज बायकांची ती पिढी किंवा त्यांच्या मुली. वेस्ट इंडीजचे लाकूड कोणाच्या श्रमाने येते हे त्यांना ठाऊक होते. ठाऊक असूनही त्यावर कपड्यांच्या घड्या ठेवायची सवय होती. न कळण्यापेक्षा कळूनही खण लावून घेण्याची ही सवय कितीतरी अधिक ओळखीची आहे, आणि ती शिकवायला वसाहतवादाचा सिद्धान्त लागत नाही, स्वतःचे घर पुरते.

स्वतःच्या घराचे म्हणाल तर आपली महोगनी म्हणजे वाडा. पाडलेल्या वाड्यांचे कोरीव खांब आणि दिंडी दरवाजे हॉटेलांच्या दारात उभे आहेत, आणि ललित लेखनातले माजघर, फडताळ, कडीपाटाचे छत तर अजून चिरेबंद आहे. त्या फडताळाच्या वासाने गलबलून येणाऱ्या लेखकांना आम्ही पाठ्यपुस्तकांत घातले आहे. त्या छताचे सागवान कुठून आले? डांगच्या जंगलांचे पट्टे इंग्रजांनी १८४२ साली भिल्ल राजांकडून सागासाठीच घेतले आणि पुढे त्या जंगलात राहणाऱ्यांनाच तिथे कुऱ्हाड नेणे गुन्हा झाले. प्रत्येक वाड्याचे लाकूड तिथलेच होते असे मुळीच नाही. पुष्कळ वाडे त्याआधीचे आहेत. पण लाकूड जंगलातून येते आणि जंगलात माणसे राहतात, एवढेही त्या गलबलण्यात कधी शिरत नाही. माजघरात कोणाला पाऊल टाकता येत नव्हते हा प्रश्न दलित साहित्याने विचारला, म्हणून तो निदान अभ्यासक्रमात आला. तुळई कोणी तोडली हा प्रश्न अजून रांगेत आहे.

आमच्या या बोलण्यावर स्टाफरूममध्ये जे आक्षेप आले त्यांतला एक आम्हांला मान्य आहे. जुने कपाट विकत घेणे हे नवे झाड तोडण्यापेक्षा केव्हाही चांगले. मान्य, अगदी बिनशर्त. कॅरिबियन बेटांवरची मूळ महोगनी इतकी संपली की १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 'साइटीस' कराराखाली नियंत्रण आले, आणि मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या मोठ्या पानांच्या महोगनीवर २००३ पासून. म्हणून ज्याच्याकडे जुने कपाट आहे त्याने ते जपावेच. फक्त पुरवणीतल्या लेखात 'दुर्मीळ लाकूड' असे जे कौतुकाने लिहिले होते त्या दुर्मीळ शब्दाची व्युत्पत्ती वरच्या परिच्छेदांत आहे. लाकूड आपोआप दुर्मीळ होत नसते. आणि संपवल्यामुळेच आज किंमत वाढली, ही किंमत मग आपण 'कालातीत मूल्य' म्हणून सांगतो.

दुसरा आक्षेप एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा. ते म्हणाले, अशाने चहाचा कपही तोंडाला लावता येणार नाही, कापसाचा सदरा घालता येणार नाही; प्रत्येक वस्तूत रक्त शोधत बसलात तर सौंदर्य कधी पाहणार? हा आक्षेप ऐकायला भारदस्त आहे, महोगनीसारखाच. पण आम्ही कपाट फेकून द्या म्हणालोच नव्हतो. आम्ही तर खण ओढत अर्धा तास बसलो होतो. सौंदर्य पाहायचेच तर पूर्ण पाहा, एवढेच. त्या फळीची रुंदी सुंदर आहे. ती रुंदी म्हणजे शतकाहून अधिक काळ वाढलेल्या झाडाचा घेर आहे, आणि तो घेर पार करायला मचाणावर चढलेल्या माणसाला किती घाव घालावे लागले असतील ही कल्पना त्या रुंदीच्या सौंदर्यातून वजा होत नाही, तिच्यात भर घालते. डोळे मिटून घेतलेली रसिकता आम्हांला रसिकता वाटत नाही, आणि साहित्याच्या प्राध्यापकाने तरी तिचे समर्थन करू नये.

तिसऱ्याने विचारले, मराठीच्या प्राध्यापकांना इंग्रजी कपाटाशी काय देणेघेणे? याला उत्तर द्यायचे आम्ही टाळणार होतो. पण १७९५ मध्ये महोगनीची रोपे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात येऊन पोहोचली होती आणि आज महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला 'महोगनी लावा, करोडपती व्हा' असे सांगणाऱ्या जाहिराती गावोगाव फिरत आहेत. एकराला किती झाडे आणि किती वर्षांनी किती कोटी याची गणिते त्यांत असतात. त्या जाहिरातींतही तेच कपाट असते, तोच दिवाणखाना, तीच ऊब. मराठीत सध्या महोगनीवर सर्वांत जास्त लेखन होते आहे ते बहुधा याच प्रकारात, आणि ते वाचायला शिकवणे हे मराठीच्या विभागाचे काम नसेल तर कोणाचे आहे?

बेलीझ १९८१ मध्ये स्वतंत्र झाला. त्याच्या राष्ट्रध्वजाच्या मध्यभागी एक महोगनीचे झाड आहे आणि झाडाच्या दोन बाजूंना दोन माणसे उभी आहेत. एकाच्या खांद्यावर कुऱ्हाड, दुसऱ्याच्या वल्हे. पायाशी लॅटिन बोधवाक्य, सावलीत मी बहरतो अशा अर्थाचे. वर्गात आम्ही त्या ध्वजाचे चित्र आणि लाल खोलीचा उतारा शेजारी शेजारी ठेवले. सावली कोणाची आणि बहरले कोण यावर तास संपेपर्यंत वाद झाला. घंटा झाल्यावरही कोणी उठले नाही. आमच्या नोकरीत असे फार वेळा घडलेले नाही.

या सत्राच्या अंतर्गत चाचणीत आम्ही जुना प्रश्न काढून टाकला आहे. नवा प्रश्न असा: 'अभ्यासाला नेमलेल्या कोणत्याही कादंबरीतील लाकडाची एक वस्तू निवडा. ती वस्तू त्या घरात कशी आली असेल याचा कादंबरीतील आणि कादंबरीबाहेरील पुराव्यांच्या आधारे शोध घ्या. उत्तरात वातावरणनिर्मिती हा शब्द वापरू नये. (गुण १५)' विभागाच्या बैठकीत त्यातले शेवटून दुसरे वाक्य वगळावे अशी सूचना आली आहे. आम्ही ते वगळलेले नाही.